पेटी मी बाजूला ठेवलेली नाही

आज सन १९९४, तिसऱ्या महिन्याची सतरा तारीख, वार पाचवा. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मी पेटीच्या भात्याला चामड्याचे ठिगळ लावत होतो. सरस गरम करून ब्रशवर घेतला आणि तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. बाईने विचारले, "तुमचं मृत्युपत्र केलेलं आहे का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "काही नाही हो, फॉर्मवर रकाना आहे म्हणून विचारलं." फोन ठेवेपर्यंत सरस थिजला. आता तो पुन्हा तापेपर्यंत हे लिहायला घेतो.

मी, टोबायस एजर्टन, वय सत्तावीस, राहणार शुगर हॉलो, ओहायो, धंदा जुन्या पेट्या व खुर्च्या दुरुस्त करणे, शिक्षण नववी अपुरी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. शपथ घेत नाही. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक शपथ घेत नाही, कारण शपथेवर खरे बोलणारा माणूस एरवी काय बोलतो, असा प्रश्न उभा राहतो. खरे सांगतो, एवढेच म्हणतो. अवघड वाटलेला प्रत्येक शब्द कोशात पाहून लिहिला आहे. खाडाखोड दिसल्यास ती माझीच समजावी.

तारखेबद्दल एक खुलासा. आम्ही महिन्यांना आणि वारांना आकड्यांनीच ओळखतो. रुग्णालयाच्या फॉर्मवर तसे लिहिले, तर तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनीच खोडून सोमवार लिहिले. म्हणजे येत्या दुसऱ्या वारी, एकवीस तारखेला, व्हीलिंगच्या रुग्णालयात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अगदी किरकोळ." मी विचारले, "किरकोळ म्हणजे हजारात किती जातात?" ते म्हणाले, "एखादा." हा एखादा कोणीतरी असतोच. त्याचेही घर असते आणि घरात लोकांच्या अर्धवट विणलेल्या खुर्च्या असतात.

कलम पहिले. मला आमच्या प्रार्थनेच्या सभाघरामागच्या जागेत पुरावे. दगड गुडघ्याच्या खाली असावा, त्यावर नाव आणि सालाशिवाय काही नसावे. फुले नकोत. स्मरणसभा नेहमीप्रमाणे मौनाची व्हावी. तीत कोणाला काही बोलावेसे वाटल्यास बोलावे, परंतु "टोबायस शांत मनाने गेला" असे कोणीही म्हणू नये. मी शांत मनाने जात नाही. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम दुसरे. घर भाड्याचे आहे, त्यामुळे ते कोणाला देता येत नाही. भाडे चौथ्या महिन्यापर्यंत भरलेले आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा येतो, हे मालकाला पाच वेळा सांगून झाले. पुढच्या भाडेकरूने सहाव्यांदा सांगावे.

कलम तिसरे. बँकेतले एक हजार एकशे चाळीस डॉलर आणि या कागदात दुसऱ्या कोणाला न दिलेले बाकी सर्व काही माझी थोरली बहीण डॉर्कस हिला द्यावे. हे लिहीत असतानाच तिचा कोलंबसहून फोन आला. तिने सर्व ऐकून घेतले.

"टोबी, हर्नियाला मृत्युपत्र? उद्या केस कापायला गेलास तरी लिहिशील तू."

"केस कापताना भूल देत नाहीत, ताई."

"बरं, मला काय ठेवलंयस?"

"उरलेलं सगळं."

"म्हणजे खुर्च्या."

"अर्धवट खुर्च्या."

"ती सैन्याची पेटी तेवढी माझ्या गळ्यात मारू नकोस हं बाबा. आणि सोमवारी मी येतेय. तू भूल देणाऱ्याला प्रश्न विचारत बसशील आणि तोच झोपेल."

कलम चौथे. हत्यारे. रंधे, पटाशा, कानशी आणि रीड सुरात आणायचे पितळी आकडे गावातल्या सुतारशाळेला द्यावेत. डॉर्कसताईचा नवरा ग्लेन याने तीन वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" लाकूड आवळायचे चार शिकंजे नेले. ते त्याला माफ केले आहेत. त्याने ते माझ्या शवपेटीच्या कामाला आणू नयेत. ते कसे वापरायचे ते त्याला येत नाही.

कलम पाचवे. पेटी. ही घडीची पायपेटी आहे. मिटली की मोठ्या सुटकेसएवढी होते, वजन चोवीस किलो. चार सप्तके, पायाखाली दोन फळ्या. सन १९९१ मध्ये एका मृत धर्मगुरूच्या सामानाच्या लिलावात पस्तीस डॉलरला घेतली. आत उंदरांची तीन घरटी होती आणि चव्वेचाळीस रीड मुके होते. पाच महिने लागले. ती सैन्यातल्या धर्मगुरूंसाठी बनवलेली आहे, त्यामुळे बाहेरून सैन्याच्या हिरव्या रंगाची आहे. हा रंग मी खरवडून पाहिला. त्याबरोबर खालच्या लाकडाचा पापुद्राच निघतो, म्हणून सोडून दिला. हे मी विल्मरला चार वेळा समजावले आहे, आता पाचव्यांदा लेखी देत आहे.

विल्मर कॉपॉक आमच्या सभेचा चिटणीस आहे, वय चौऱ्याहत्तर. आमच्यात युद्ध निषिद्ध, त्यामुळे तरुणपणी सैन्यात जायला नकार दिला म्हणून सरकारने त्याला दोन वर्षे जंगलातल्या छावणीत झाडे लावायला धाडले होते. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर हे कलम अर्ध्या पानात संपले असते.

आमच्या मौनसभेत पाद्री नसतो, भजन नसते. आम्ही तासभर गप्प बसतो. ज्याला आतून हाक येते तो उठतो, सांगतो आणि बसतो. मला हाक येते तेव्हा छाती धडधडते, तळहात ओले होतात. हे मी सहा वेळा ओळखले, सहा वेळा उभा राहिलो आणि सहाही वेळा तोंडातून अक्षर फुटले नाही. सहाव्या वेळी मागून कोणीतरी म्हणाले, "बस रे बाळा, बस." सातव्या वेळी, सन १९९२ च्या दुसऱ्या महिन्यात, मी उठून बाहेर गेलो आणि गाडीतून पेटी आणली. ती गिऱ्हाइकाला दाखवून परत आणताना गाडीत राहिली होती. मुद्दाम ठेवली नव्हती. बिजागऱ्या गाढवासारख्या ओरडल्या. बसलो, आणि जे सांगायचे होते ते वाजवले. ओळखीची चाल नव्हती. पाच-सहा सूर होते, हळूहळू, साधारण चार मिनिटे. मग घडी घातली आणि जागेवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी सभेत पूर्ण वाक्य बोललो होतो.

सभा उठल्यावर हुल्डा विंडर माझ्याकडे आली. ती आमची वडीलधारी, वय त्र्याऐंशी. तिची पाठ वाकली आहे पण नजर नाही.

"फार लांबवलंस," ती म्हणाली. "शेवटचा मिनिटभर तू आम्हाला वाजवून दाखवत होतास. आधीची तीन मिनिटं मात्र तुझी नव्हती. ती खरी होती."

आजवर मला कोणी याहून चांगले काही म्हटलेले नाही. विल्मर तिच्या मागेच उभा होता. तो म्हणाला, "टोबायस, हिच्यावर अजून सैन्याचा रंग आहे."

कलम सहावे. यापुढचे नीट वाचावे. पेटी वाजवणे ही माझी सेवा आहे, हे सभेने मान्य करावे अशी मी लेखी विनंती केली. आमच्यात मतदान नसते. सगळ्यांचे एकमत झाले तर झाले, नाहीतर विषय मुरू देतात. माझ्यासाठी तिघांची उलगडा समिती नेमली. हुल्डा, विल्मर आणि एक तिसरा. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तो प्रत्येक बैठकीत झोपला, आणि जागा असताना त्याने कधी विरोधही केला नाही. उलगडा समितीला सल्ला द्यायला मनाई आहे, तिने फक्त प्रश्न विचारायचे असतात. एकवीस महिन्यांत अकरा बैठका झाल्या. दर बैठकीला मी केक नेला. प्रश्न असे होते: "वाजवण्याआधी तू किती वेळ थांबतोस?" "थांबणं आणि घाबरणं यातला फरक तुला कळतो का?" "पेटी नसती तर देवाने काय केलं असतं?" शेवटचा प्रश्न विल्मरचा. मी म्हणालो, "आणखी थांबला असता." हुल्डा हसली. विल्मरने ते लिहून घेतले आणि म्हणाला, "मुरू द्या." लोणचेसुद्धा एकवीस महिने मुरवत नाहीत. दरम्यान चार वेळा मी सभेत वाजवले. प्रत्येक वेळी पेटी घरून न्यायची आणि परत आणायची, कारण ती सभाघरात ठेवणे म्हणजे परवानगी ठरेल, असे विल्मरचे म्हणणे. पाचव्यांदा, दहाव्या महिन्यात, सभाघराच्या पायरीवरच पोटात काहीतरी फाटले. हर्निया असा झाला. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा मी "धर्मकार्य" असे सांगितले.

अकराव्या बैठकीत मी एवढेच म्हणालो की मी थकलो आहे. त्यानंतरच्या कामकाजाच्या मासिक सभेत, सन १९९३ च्या अकराव्या महिन्यात, विल्मरने नोंदवहीतला मसुदा वाचला: "टोबायस एजर्टन याने सभेत पेटी वाजवणे शांत मनाने बाजूला ठेवले आहे, आणि सभा त्याच्या समाधानात सहभागी आहे."

मग त्याने वर पाहिले. सगळे गप्प. मीही गप्प. नाही म्हणायला मला आतून हाक यावी म्हणून मी थांबलो होतो. छाती धडधडत होती, पण ही हाक आहे की हर्निया, हे ठरेना. विल्मर म्हणाला, "एकमत आहे असं दिसतं." आणि सही केली.

आमच्यात मौन म्हणजे संमती. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही मी बसून राहिलो. माझ्याच सभेत, माझ्यादेखत, माझ्याच गप्प बसण्याने माझ्याबद्दल खोटी नोंद झाली. आणि नोंद झाली की ती बदलायला पुन्हा सर्वांचे एकमत लागते. तेव्हापासून पेटी घरी आहे. सभेनंतर लोक माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "किती शांत दिसतोस हल्ली!"

ती नोंद खोटी आहे. ती खोटी असताना मी मेलो, तर ती खरी होऊन बसेल.

कलम सातवे. म्हणून, माझ्या मृत्यूनंतर (१) पेटी हुल्डा विंडर हिला द्यावी, (२) कलम सहा विल्मर कॉपॉक याने स्वतः मासिक सभेत उभे राहून मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचावे, आणि (३) वाचून झाल्यावर सभा गप्प बसली, तर त्या मौनाचा अर्थ काय लावायचा ते त्याने या वेळी विचारून घ्यावे.

येथे दुपारचे साडेबारा झाले आहेत. सरस जळाला.

कलम आठवे. तारीख एकोणीस, वार सातवा, सकाळी साडेदहानंतर लिहिलेले. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात म्हणून हे कागद घेऊन मी हुल्डाकडे गेलो. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मधे एकदा उठून चुलीवरची सफरचंदे हलवली. मी उभाच होतो.

"मला सही करता येणार नाही," ती म्हणाली. "ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. तू मला पेटी ठेवली आहेस."

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी म्हणालो, "मग पेटी दुसऱ्या कोणाला देतो."

"दे. मला त्र्याऐंशी झाली. तुझ्या हजारातला तो एखादा म्हणून माझा नंबर तुझ्या आधी आहे. पण खाली बस आधी. हे कलम सात काय आहे?"

"माझी इच्छा."

"मेल्यावर बोलायची इच्छा. जिवंतपणी तोंडात काय धरलं होतंस?"

मी सांगितले की मला हाक आली नव्हती.

"टोबायस, 'हे खरं नाही' एवढं म्हणायला हाक लागत नाही. कोणी तुझ्या पायावर पाय दिला तर प्रेरणेची वाट पाहतोस का?"

"तू पण गप्पच होतीस की, हुल्डा. तू तर समितीत होतीस."

सफरचंदे करपल्याचा वास आला तरी हुल्डा उठली नाही.

"होते," ती म्हणाली. "मला वाटलं, ज्याचं आहे तो बोलेल. चुकले मी. पण उद्या मासिक सभा आहे, आणि उद्या तू जिवंत आहेस. विल्मरला मेलेल्या माणसाचं पत्र वाचायला लावतोस? तो तुला उलटून काय बोलणार? ही हिंसाच झाली, वेगळ्या रंगाची."

मला फार राग आला. ती बरोबर बोलली की येतो. मी कागद गोळा केले. दारातून तिने हाक मारली, "आणि पेटी घेऊन ये. उचलू नकोस! शेजाऱ्याला सांग." मग करपलेली सफरचंदे एका डब्यात घालून तीही मला दिली.

कलम नववे. तारीख वीस, वार पहिला, दुपारी साडेतीन. सभाघराच्या मागच्या बाकावर बसून लिहीत आहे.

मौनसभेनंतर मासिक सभा सुरू झाली. छताचा खर्च, मग शेगडी, मग पुन्हा छत. विल्मरने "आणखी काही?" विचारले. मी उभा राहिलो. छाती धडधडत होती, आणि ती कशाने हे मी या वेळी तपासत बसलो नाही. मी म्हणालो, "अकराव्या महिन्यातली नोंद खरी नाही. पेटी मी बाजूला ठेवलेली नाही. मी घाबरून गप्प बसलो होतो."

माझ्या आयुष्यातले हे सभेत बोललेले पहिले शब्द. आवाज माझ्या मते फारच किरटा आला.

विल्मरने पेन खाली ठेवला. "मी तुझी वाट पाहिली होती, टोबायस. नोंद वाचल्यावर. चार मिनिटं. घड्याळाकडे बघत."

"मी हाकेची वाट पाहत होतो."

"आणि मी तुझी." त्याने वहीत ते पान काढले. "दोघांनी मिळून चांगलं मौन पाळलं म्हणायचं."

कोणीतरी हसले. बहुतेक समितीतला तो तिसरा, म्हणजे तो जागा होता.

मग विल्मरने वहीत लिहायला घेतले. त्याला फार वेळ लागला. दोनदा खोडले. शेवटी वाचले: "मागील अकराव्या महिन्यातील नोंद चुकीची होती व ती रद्द केली आहे. टोबायस एजर्टन याने वाजवणे सोडलेले नाही. त्याचे मौन चिटणीसाने होकार समजले, ही चिटणीसाची चूक. ही सेवा आहे की नाही यावर सभेचे एकमत नाही." मग तो म्हणाला, "यात एकमत नसणारा मीच आहे, तेही लिहू का?"

मी म्हणालो, "लिही." त्याने लिहिले.

त्याने वर पाहिले. सगळे गप्प. सवयीने तो सही करायला वाकला, तेवढ्यात हुल्डा म्हणाली, "विल्मर, आज एकेकाला विचार."

त्याने एकेकाला विचारले. एकोणीस जण होते. एकोणीस वेळा "हो" ऐकायला इतका वेळ लागेल असे कोणाला वाटले नव्हते. शेगडीवरचे सूप आटले. माझी पाळी आली तेव्हा मी हो म्हणालो, आणि मग पुन्हा एकदा म्हणालो, न जाणो पहिले ऐकू गेले नसेल.

शेजाऱ्याने पेटी आणून भिंतीशी ठेवली होती. नोंद झाल्यावर शेवटच्या मौनात सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे होते. हुल्डाचे होते, विल्मरचेही होते, तो तिच्या रंगाकडे पाहत होता. मी वाट पाहिली. काहीही आले नाही. इतका आटापिटा करून, पोट फाडून, आणि आज सांगण्यासारखे काही नाही! मी वाजवले नाही. शेवटी विल्मरने आमच्या रिवाजाप्रमाणे हुल्डाशी हात मिळवून सभा संपवली.

बाहेर जाताना तो माझ्याजवळ थांबला. "ऑपरेशननंतर सहा आठवडे उचलायचं नाही म्हणे. पेटी कोट टांगायच्या खोलीत राहू दे. ही परवानगी नव्हे."

"बरं."

"नव्हे, ही परवानगी नव्हे बरं का."

"ऐकलं मी, विल्मर."

तरी तो तिथेच उभा. मग म्हणाला, "वरून चादर टाकतो मी. रंग दिसणार नाही."

सबब कलम सातवे पूर्ण रद्द. कलम सहा कोणीही कोठेही वाचू नये, पण फाडूही नये. कलम पहिल्यातील "शांत मनाने" याबद्दलची अट कायम, कारण मी अजूनही फार वैतागलेलो आहे. पेटीची वाटणी या मृत्युपत्रात करत नाही. ती वापरात आहे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने, शुद्धीवर, कोणी न सांगता लिहिले. एवढ्यावर माझी सही.

टोबायस एजर्टन

आम्ही दोघांनी त्याला सही करताना पाहिले. आम्हाला यातून काही मिळत नाही.

हुल्डा विंडर (चष्म्याशिवाय सही केली, पण वाचताना चष्मा होता)
विल्मर कॉपॉक (कलम पाच व सहा वाचून सही केली, रंगाबाबत मत कायम)

ठिकाण: शुगर हॉलो सभाघर, ओहायो. तिसऱ्या महिन्याची वीस तारीख, सन १९९४, दुपारचे चार वाजून पाच मिनिटे.

या प्रकरणात झालेला खर्च: पेटी ३५ डॉलर. चामडे, सरस व रीड ६१ डॉलर ५० सेंट. समितीसाठी अकरा केक ३५ डॉलर २० सेंट. डॉक्टरांची तपासणी ४८ डॉलर. एकूण १७९ डॉलर ७० सेंट.
देणे: शेजाऱ्याला पेटी उचलल्याबद्दल ५ डॉलर (घेत नाही म्हणतो, तरी द्यावेत). रुग्णालयाचे बिल, आकडा अजून सांगत नाहीत.
सभेला देणे: काही नाही.
सभेकडून येणे: काही नाही.